शुक्रवार, संध्याकाळचे सहा

‘आता नाही प्यायची’ असं म्हणायला एक मिनिट पुरतं. खरी परीक्षा असते शुक्रवारी संध्याकाळी सहाला! हिंजवडीत लॅपटॉप बंद झाले, की कुणीतरी हाक मारतंच, ‘‘चल गं, बसू या!’’ ‘बसणे’ या साध्या क्रियापदात आपल्याकडे केवढं काय काय भरलंय, नाही? मला न पिता अकरा महिने झाले, तरी ते शब्द ऐकले की घसा अजून कोरडा पडतो.

माझ्या समुपदेशक ताई म्हणतात, हा ट्रिगर. ठरावीक आवाज ऐकला, की पावलोव्हच्या कुत्र्यांना लाळ सुटायची ना, तसंच. शुक्रवार, पाऊस, मॅच आणि ग्लास यांची मेंदूनं गाठ मारून ठेवलेली असते. तिथे चारित्र्याचा काही संबंध नाही.

त्यांनी मला ट्रिगर्सची वही करायला लावली. पगाराचा दिवस, अप्रेझल, फ्लॅटवरचा एकटीचा रविवार... पान भरलं! अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसवाल्यांची यादी मात्र चारच शब्दांची : भूक, राग, एकटेपणा, थकवा. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं ‘हॉल्ट’. थांबा! म्हणून शुक्रवारी पाचलाच मी पोटभर खाऊन घेते. निम्मी तलफ तिथेच गार.

उरलेल्या निम्मीसाठी ‘अर्ज सर्फिंग’. सिएटलचे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांची ही युक्ती. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. तिच्याशी भांडायचं नाही, नुसतं बघत राहायचं. मी घड्याळ लावते, मैत्रिणीला फोन करते, सोसायटीला चार फेऱ्या मारते.

एक मात्र ऐका. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक, स्वतःच्या मनानं बंद करू नये. फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. आपल्या पुण्यात तर 1986 पासून येरवड्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं. पुढे तिथे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभागही सुरू झाला. ‘बाई पिते’ हे घरात उच्चारायचीही चोरी असते, तेव्हा अशी जागा किती मोलाची, हे मला विचारा. आणि मध्यरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे.

पुढच्या महिन्यात दादाचं लग्न. आदल्या दिवशी ‘कॉकटेल नाइट’! ‘‘अगं, एकच घे, भावाचं लग्न आहे,’’ असं म्हणणारे मामा-मावश्या मला आत्ताच दिसतायत. मी वहिनीला सांगून ठेवलंय, ‘‘माझ्या हातात सतत कोकमचा ग्लास असू दे आणि दहाला मला कुठल्या तरी कामाला पाठव.’’ ती म्हणाली, ‘‘मेंदी सुकेपर्यंत मला भरवायला कुणीतरी हवंच आहे.’’

दहा वाजताचं काम ठरलं. हॉल्ट!