दोष कोणाचा?

धूळ ही वस्तू मोठी निरुपद्रवी दिसते. पायांखाली असली, तर तिच्याकडे कोणी पाहत नाही. कपड्यांवर बसली, तर झटकली की काम भागते. परंतु हीच धूळ यंत्राच्या अंतरंगात साचून राहिली, म्हणजे चांगले यंत्र तर बिघडतेच. शिवाय कधी कधी एखाद्या निरपराध माणसावर आळही येतो.

सोलापूर जिल्ह्यातील एका खेड्यात असाच प्रसंग घडला. तेथील शाळेत एक संगणक होता. फळ्याजवळच्या कोपऱ्यात, जमिनीवर त्याची पेटी ठेवलेली असे. उन्हाळा सुरू झाला आणि तो चालता चालता एकाएकी बंद पडू लागला. पहिल्यांदा बंद पडला, तेव्हा त्याच्यासमोर सातवीतील एक मुलगा बसला होता. "यानेच काहीतरी केले!" असे कोणीतरी म्हणाले आणि ते वाक्य मधल्या सुट्टीपर्यंत साऱ्या शाळेत पसरले. मुलगा अबोल होता. "मी काही केले नाही," एवढेच तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीकडे फिरकेनासा झाला.

ही गोष्ट विज्ञानाच्या गुरुजींच्या कानांवर गेली. ते कोणावर रागावले नाहीत, की त्यांनी कोणाची बाजूही घेतली नाही. "आधी पाहू, मग बोलू," असे म्हणून त्यांनी तीन दिवस एका वहीत नोंदी केल्या. सकाळी संगणक बराच वेळ चाले. दुपारी थोड्याच वेळात बंद पडे. लगेच सुरू केला, तर पहिल्यापेक्षाही लवकर थांबे. तासभर विसावा दिला, तर पुन्हा नीट चालू लागे. खोलीतील पंखा व दिवा मात्र चालूच राहत. तेव्हा वीज गेली, असेही म्हणता येईना. आणि संगणकासमोर कोणीही बसले, तरी त्यात फरक पडत नसे! भर उन्हात चढण चढणारा वाटसरू वरचेवर खाली बसावा, तशीच त्या यंत्राची गत झाली होती. त्याला उष्मा सोसवत नव्हता.

संगणकातील सारी गणिते करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. तो काम करताना तापतो. पुष्कळशा संगणकांत ही उष्णता सुमारे ६५ वॅट, म्हणजे जुन्या तारेच्या दिव्याइतकी असते. आणि ती निर्माण होते काड्यापेटीहूनही लहान जागेत. ती बाहेर टाकण्यासाठी प्रोसेसरवर पातळ धातूच्या पात्यांचा ठोकळा व त्यावर छोटा पंखा बसवलेला असतो. १९४६ साली अमेरिकेत लोकांपुढे आलेल्या एनिॲक या प्रचंड संगणकालाही थंड ठेवण्यासाठी वाऱ्याची खास योजना करावी लागली होती. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की आजचा प्रोसेसर प्रथम आपली गती कमी करतो. तरीही भागले नाही, तर जळून जाण्यापूर्वी संगणक स्वतःला बंद करून घेतो. ही त्याची खोडी नव्हे. हे त्याचे आत्मरक्षण होय.

गुरुजींनी संगणक बंद केला, प्लग काढला आणि पेटी थंड झाल्यावर ओसरीवर नेली. अंगातील स्थिर वीज निघून जावी, म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावला व बाजूचे झाकण काढले. मुले पाहतच राहिली. खडूची भुकटी आणि शेतांतून उडून आलेली माती यांचा जाड थर पात्यांवर बसला होता. तापलेल्या यंत्राला जणू कोणी गोधडीच पांघरली होती! गुरुजींनी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवले, कारण वाऱ्याच्या झोताने तो गरगर फिरला, तर बिघडण्याचा संभव असतो. मग मऊ ब्रशने आणि ब्लोअरने त्यांनी धूळ उडवली. ओले फडके कोठेही लावले नाही. वीजपुरवठ्याचा बंद डबा मात्र उघडला नाही. प्लग काढल्यावरही त्यात घातक वीज साठून राहू शकते.

संगणक फळ्यापासून दूर, टेबलावर ठेवण्यात आला. भर दुपारी तो सुरू केला. एक तास झाला, दोन झाले. तो थांबला नाही.

गुरुजींनी त्या मुलाला बोलावून घेतले. कागदावर जमवलेली धूळ सर्वांना दाखवून ते म्हणाले, "हा पाहा गुन्हेगार! अरे बाळ, दर महिन्याला ही सफाई करताना माझ्याबरोबर तू राहशील का?" मुलाने मान हलवली. त्याला नावे ठेवणारी मुले खाली पाहू लागली.

त्या यंत्राने आपले दुखणे पहिल्याच दिवशी सांगितले होते. ते समजून घेण्यास मात्र तीन दिवस लागले. बोट दाखवण्यास क्षणही पुरतो. झाकण उघडून पाहण्यास धीर लागतो, आणि न्याय त्या धीरानेच होतो.