आंबेनळी घाट उतरताना

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घेऊन पोलादपूरकडे निघालात, की आंबेनळी घाट लागतो. प्रतापगडचा फाटा मागे पडला तरी वळणे संपत नाहीत. इथे गाडी हळूच न्यावी लागते आणि स्टिअरिंग पुरते फिरवावे लागते. नेमके अशाच कमी वेगात पॉवर स्टिअरिंग बंद पडले, तर ते एकदम जड होते. जुन्या जीपगाड्यांचे जडच असे, पण हाताला सवय होती.

अमेरिकेत शेव्हरलेट कोबाल्ट गाडीत हेच घडले. स्टिअरिंगला जोर देणारी विजेची मोटर चालत्या गाडीत बंद पडे. २०१० साली कंपनीने सुमारे १३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २०१४ साली पुन्हा तेवढ्याच! त्यांत पहिल्या दुरुस्तीत नवे भाग बसवलेल्या काही गाड्याही होत्या. दुरुस्ती झाली म्हणून निश्चिंत बसलेल्या मालकाने काय समजावे?

तुमच्या गाडीला असे बोलावणे आले, तर कोणता भाग बदलला ते पावतीवर लिहून घ्या. घाटात स्टिअरिंग जड झालेच, तर घाबरू नका. जोर लावला की ते फिरते. वेग कमी करा, रुंद जागा पाहून थांबा. उतारावर इंजिन मात्र बंद करू नका. थांबून पुन्हा चालू केल्यावर ते हलके झाले, तरी पोलादपूरला मेकॅनिककडे गाडी दाखवूनच पुढे जा.