अण्णाचा छर्रा

गेम हळू चालणं वेगळं आणि गेम अडखळणं वेगळं. हे ज्यांना ठाऊक नसतं ते थेट दुकान गाठतात, महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊन येतात, आणि घरी येऊन बघतात तर अडखळणं होतं तसंच. आमच्या अण्णाला मात्र हा फरक पहिल्याच मिनिटाला कळला. कॉम्प्युटरमधलं त्याला ऑफिसच्या हिशेबापलीकडं फारसं कळत नाही. पण तीस वर्षं भजनी मंडळात तबला वाजवलेला माणूस तो. लय जरा हलली की त्याच्या कपाळाला आठी पडते.

गेम कुठला, ते आधी सांगतो. विंडोज एक्स्पी वापरलेल्या वाचकांना 'स्पेस कॅडेट' नावाचं पिनबॉल आठवत असेल. पिनबॉल म्हणजे आपल्या लहानपणीच्या बॅगाटेलचंच वाढलेलं रूप. उतरता पाट, त्यावर अडथळे, आणि स्प्रिंग ओढून सोडलेला छर्रा. फरक एवढाच की इथं पाटाच्या तळाशी दोन दांड्या असतात. छर्रा घरंगळत खाली आला की डावी किंवा उजवी दांडी नेमक्या क्षणी उडवून त्याला पुन्हा वर धाडायचं. कीबोर्डवर डाव्या हाताला 'झेड'ची कळ, उजव्या हाताला तिरकी रेघ असलेली. १९९५ साली विंडोज ९५ साठी वेगळ्यानं विकल्या जाणाऱ्या 'प्लस' पॅकमधून हा गेम आला, आणि २००१ च्या एक्स्पीबरोबर न मागता कचेऱ्याकचेऱ्यांत जाऊन बसला.

अण्णा बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात होता. दुपारचा डबा झाला की पंधरा मिनिटं छर्रा, हा त्याचा नेम. मागं उभी राहिलेली कन्नड पोरं 'बडीरी अण्णा, बडीरी' म्हणून ओरडायची. (अण्णा तिथंही अण्णाच, या एका शब्दाला आमच्याकडं भाषांतर लागत नाही.) डाव्या-उजव्या हाताचं काम आणि छर्रा यायच्या आधी हात तयार ठेवायचा, हे त्याला तबल्यासारखंच वाटत असावं. तसं तो कधी बोलला नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं महिन्याभरात परत आलं, पाय काठीच्या आधारानं का होईना आला, पण उजवा हात मागं राहिला. बोटं हलायची, पण सांगितल्यावर जरा थांबून. तबला गवसणीत गेला तो गेलाच. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे. रबरी चेंडू दाबणं, फळीतल्या भोकांत खुंट्या बसवणं असले व्यायाम तो करायचा, पण तोंड वाकडं करून. आणि एक दिवस मला म्हणाला, "तो छर्ऱ्याचा गेम मिळंल काय रे अजून?"

गेम खेळून हात सुधारतो असा दावा मी करणार नाही. फिजिओथेरपीच्या बाईंनीही केला नाही. "व्यायाम चुकवायचा नाही, मग काय खेळायचं ते खेळा," एवढंच त्या म्हणाल्या.

आता जुना गेम नव्या यंत्रावर चालवायचा म्हणजे काय भानगड असते, ते थोडं सांगायला हवं. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झचा. त्या काळी कित्येक गेम लिहिणाऱ्यांनी घड्याळ न बघता यंत्राच्या चालीवरच आपली चाल बसवली. पुढं यंत्र वेगवान झालं तसा गेमही पळत सुटला. म्हणून तर जुन्या डब्यांवर 'टर्बो' नावाचं बटण असायचं, ज्याचं खरं काम यंत्राला मुद्दाम हळू करण्याचं. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या काळातले, १९१३ च्या सुमाराचे मूकपट पुढं बोलपटाच्या यंत्रावर दाखवले की त्यातली माणसं तुरुतुरु पळताना दिसतात ना? हाताने फिरवून कमी वेगानं घेतलेली चित्रं सेकंदाला २४ च्या ठरावीक वेगानं दाखवल्यामुळं तसं होतं. रोग तोच.

आमच्या पिनबॉललाही असला इतिहास आहे. एका टप्प्यावर त्याला चित्रं काढण्याची मर्यादाच नव्हती. जमतील तेवढी काढायची. यंत्रं वाढली तसा तो सेकंदाला हजारो चित्रं काढू लागला, आणि अख्खा प्रोसेसर त्या एका छर्ऱ्यापायी गुंतून पडायचा. मायक्रोसॉफ्टमधल्या रेमंड चेन यांनी त्याला सेकंदाला शंभरचा बांध घातला. पुढं ६४-बिट विंडोजसाठी गेम तयार करताना छर्रा वस्तूंच्या आरपार जाऊ लागला. कारण काही सापडेना, म्हणून गेमच वगळला, असं चेन यांनी २०१२ साली लिहिलं. व्हिस्टापासून तो विंडोजबरोबर यायचा बंद झाला.

मी एका जुन्या डिस्कवरचा गेम पुतण्याच्या लॅपटॉपवर घातला. चालू झाला. अण्णानं डाव्या हातानं दोन छर्रे मारले आणि हात मागं घेतला. वहिनी शेजारी होत्या. त्यांना वाटलं, वेग झेपत नाही. "भावजी, जरा सावकाश करता येत नाही का तो?" त्यावर अण्णा म्हणाला, "सावकाश नको. जो होता तोच पाहिजे, हाताला तेवढाच ठाऊक आहे. पण हा लय हलवालाय."

तेव्हापासून महिनाभर माझं हेच काम झालं. अडखळण्याचं एकच कारण नसतं, ही यातली खरी डोकेदुखी. आधी लॅपटॉप बॅटरीवर होता. वीज वाचवायची म्हणून प्रोसेसर मधेच वेग उतरवतो, मधेच चढवतो. तो विजेच्या तारेवर घेतला आणि बचतीची व्यवस्था बंद केली. मग विंडोजचं घड्याळ. गेम म्हणतो, मला दहा मिलिसेकंदांनी उठव. विंडोजचं घड्याळ मुळात साधारण १५.६ मिलिसेकंदांनी टिकटिकतं, तेव्हा उठवणं लांबतं ते पुढच्या टिकेपर्यंत. पूर्वी शेजारच्या एखाद्या प्रोग्रामनं बारीक टिक मागितली तर ती सगळ्यांनाच मिळायची. २०२० च्या विंडोज १० मधल्या सुधारणेनंतर ज्यानं मागितली त्यालाच तिची खात्री. जुन्या कित्येक गेमचं अडखळणं इथून सुरू होतं, आणि लोक मात्र ग्राफिक्स कार्डाला नावं ठेवतात.

कोपऱ्यात 'सेकंदाला ६०' असा आकडा झळकत असतो, त्यावरही विसंबू नये. साठ चित्रं म्हणजे दर चित्राला १६.७ मिलिसेकंद, पण पन्नासेक चित्रं भराभर येऊन एखादं दहापट उशिरा आलं, तरी सरासरी फारशी ढळत नाही. सरासरी म्हणजे महिन्याचा पाऊस. इंचात बरोबर भरतो, पण सगळा एकाच रात्री पडला तर भात गेलं.

२०२१ मध्ये एकानं या गेमची मूळ आज्ञावली उलगडून नव्यानं लिहिली आणि सर्वांना खुली केली. मूळ गेमची चित्रं-आवाजाची फाइल आपल्याकडं असली की ती वापरता येते. तिच्यात एक फार शहाणपणाची सोय आहे. छर्रा कुठं गेला, कशाला आपटला हा आतला हिशेब सेकंदाला किती वेळा करायचा, आणि पडद्यावर चित्रं किती काढायची, हे दोन आकडे वेगवेगळे ठेवता येतात. जुन्या कित्येक गेममध्ये हे दोन्ही एकमेकांना बांधलेले असत. २००५ साली कॉम्प्युटरवर आलेल्या 'जीटीए सॅन अँड्रियास'मध्ये चित्रांवरचा लगाम काढला की गाड्यांचं वागणं बिघडतं, ते यामुळंच. पुतण्या त्यावर माझ्याशी तास-तास बोलू शकतो.

एवढं करून पिनबॉल पुष्कळ सुधारला, पण अण्णाची आठी राहिलीच. मला काही दिसत नव्हतं, त्याला दिसत होतं. शेवटी कारण सापडलं ते पडद्यात. पुतण्याच्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला १४४ वेळा ताजा होतो. गेम देत होता ६० चित्रं. भागाकार २.४. चित्र काही २.४ वेळा दाखवता येत नाही. म्हणून एक चित्र दोनदा, पुढचं दोनदा, मग तीनदा, दोनदा, तीनदा. बारा ठोक्यांत पाच चित्रं. मी कागदावर लिहून दाखवलं : २, २, ३, २, ३. अण्णानं डाव्या हातानं खाटेच्या कडेवर वाजवून बघितलं.

"तालच आहे की हा," म्हणाला. "पण छर्ऱ्याला ताल कशाला? तो घरंगळतोय."

मी गेमची चित्रं ७२ केली, म्हणजे प्रत्येक चित्र बरोबर दोनदा. आतला हिशेब १४४. आठी गेली. मग मला चेव आला आणि मी त्याला 'डूम'ची गोष्ट सांगितली. १९९३ चा तो गेम सेकंदाला ३५ चित्रांचा बांधलेला, कारण त्या वेळच्या व्हीजीए पडद्याचे ठोके ७०. आजच्या ६० च्या पडद्यावर तो लावला की बारा ठोक्यांत सात चित्रं बसवावी लागतात. "एकतालात रूपक," अण्णा म्हणाला. "बसतो. पण बसवणारा पाहिजे."

शेवटचा तिढा उशिराचा. पडदा निम्मा रंगवून झालेला असताना नवं चित्र आलं, तर वर जुनं आणि खाली नवं असं फाटलेलं चित्र दिसतं. ते टाळायला 'व्ही-सिंक' म्हणून सोय असते. चित्र बदलायचं ते ठोक्यावरच. फाटणं जातं, पण कळ दाबल्यापासून दांडी हलेपर्यंत किंचित उशीर वाढतो. गेमचे शौकीन हा उशीर म्हणजे पाप समजतात, पुतण्यानंही तो बंद ठेवायला सांगितलं होतं. आणि झटक्यानं ज्याचा हात आधीच मागं पडलाय, त्याला आणखी उशीर कशाला द्यायचा, असं मलाही वाटत होतं. मी अण्णाला दोन्ही करून दाखवलं. एकदा व्ही-सिंक बंद, एकदा चालू. त्यानं चालूच ठेवायला लावलं.

"उशीर आहे तो कळतोय मला," म्हणाला. "पण प्रत्येक वेळी तेवढाच आहे. तेवढं आधी वाजवलं की झालं. हाताचंबी तसंच आहे. येतो उशिरा, पण रोज तेवढाच उशिरा."

हे तो इतक्या सरळपणे म्हणाला की मला काय बोलावं सुचेना. वहिनी चहाला उठल्या.

पहिले आठ-दहा दिवस उजवी कळ पुतण्या दाबायचा. बाप डावीकडं, पोरगा उजवीकडं, आणि छर्रा मधून निसटला की भांडण. मग अण्णानं त्याला हात काढायला सांगितलं. उजव्या बाजूनं छर्रे जायचे, धडाधड जायचे. तो खेळत राहायचा. दिवाळीच्या सुमारास दहातले तीन-चार उजवीकडून परत जाऊ लागले, संक्रांतीपर्यंत निम्मे. छर्रा अजून वर असतानाच बोट निघालेलं दिसायचं. डोळ्यांना बरं पडावं म्हणून पुढं सगळा थाट मोठ्या टीव्हीवर नेला. टीव्ही स्वतःच चित्राला नटवण्यात वेळ घालवतो, तेव्हा त्याची 'गेम मोड' लावावी लागली आणि आकडे पुन्हा ६० आणि १२० वर आणावे लागले. तिथं पडदाच ६० चा.

तबला मात्र गवसणीतच आहे. डग्गा तेवढा त्यानं या आषाढीला मागवून घेतला. मंडळात आता गल्लीतलाच एक पोरगा तबल्यावर बसतो आणि अण्णा त्याच्या डावीकडं. एक जोड, दोन माणसं. पोरगा अभंग उचलला की पळतो. अण्णा बोलत नाही, डग्ग्यावरचा हात जड करतो.

परवा रात्री पुतण्याचा फोन आला. "काका, विंडोजचं अपडेट आलं. सेटिंग सगळी पहिल्यासारखी झाली आणि बाबा रागावून बसलेत. मला म्हणतात, तुला नाही कळायचं, त्याला बोलव." आकडे त्याला फोनवर सांगता आले असते. पण शनिवारी सुट्टी होती, म्हणून जाऊन आलो.