कंसातले नाव

भाद्रपदातील महालयाच्या दिवशी पितरांची नामावळी उच्चारताना पिता, पितामह, प्रपितामह यांच्या मागोमाग माता, पितामही व प्रपितामही यांचाही क्रम येतो. माता वसुरूप, पितामही रुद्ररूप, प्रपितामही आदित्यरूप. स्त्रीच्या नावापुढे 'दा' हे अक्षर लावावयाचे आणि गोत्र सासरचे सांगावयाचे. माझ्या पितामहीचे नाव मी कित्येक वर्षे असेच उच्चारीत आलो आहे. परंतु लग्नापूर्वी तेरा वर्षे ज्या नावाने आईबापांनी तिला हाक मारली ते नाव या क्रमात नाही. आणि रत्नागिरी जिल्ह्यातील आमची भातशेती व आगर जिने ४८ वर्षे राखले, तिचा त्या जमिनीशी संबंध काय होता, हेही त्यातून कळत नाही. सेवानिवृत्तीनंतर हाती वेळ आला, तेव्हा या दोन्ही गोष्टींचा शोध घेतला. ज्यांच्या घरी माळ्यावर अद्याप जुन्या ट्रंका आहेत, अशा वाचकांस ही हकीगत कदाचित उपयोगी पडेल.

प्रथम सरकारी दप्तर पाहिले. भाऊबंदांतून विभक्त झालेले माझे आजोबा १९३४ साली विषमज्वराने निवर्तले, तेव्हा आजी २८ वर्षांची व माझे वडील ८ वर्षांचे होते. तहसील कचेरीतून त्या वेळच्या फेरफाराची नक्कल मिळविली. वारस म्हणून नाव लागले ते आठ वर्षांच्या मुलाचे. त्याखाली बारीक अक्षरांत 'अ. पा. क. आई' असे लिहून पुढे आजीचे नाव. अज्ञान पालनकर्ता असा त्या अक्षरांचा अर्थ. यातील अज्ञान म्हणजे वयाने लहान असलेला मुलगा. पण दप्तराची भाषा न जाणणारा वाचील, तर अज्ञान त्या बाईच्याच पदरी बांधील! १९४४ साली वडील सज्ञान झाले आणि तलाठ्याने रीतीप्रमाणे तिच्या नावास कंस केला. महसुली कागदात कंस पडला म्हणजे ते नाव कमी झाले असे समजावे. सरकारदरबारी तिचे चरित्र एवढेच.

कायदाही तिच्यापर्यंत वेळेवर पोहोचला नाही. विधवेस पतीच्या मिळकतीत वाटा देणारा कायदा १९३७ साली झाला, म्हणजे तीन वर्षे उशिरा; शिवाय शेतजमीन त्यात येत नाही, असा निर्णय फेडरल कोर्टाने १९४१ साली दिला. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याने विधवेस मुलाच्या बरोबरीने वारस मानले, परंतु मागील मृत्यूंस तो लागू नव्हता.

खरा शोध लागला तो माळ्यावरील ट्रंकेत. तीत एकतीस जुनी पंचांगे निघाली. आजीचे वडील भिक्षुक. त्यांनी तिला बाळबोध लिहावयास शिकविले होते. त्या विद्येचा उपयोग तिने पंचांगाच्या समासात टिपणे करण्याकडे केला. 'दाढ भाजली.' 'कपिला व्याली, पाडी.' 'रतांबे फोडले.' 'उत्तरेच्या अंगाचा बांध गेला.' वर्षानुवर्षे हेच. कोकणाबाहेरील वाचकांसाठी सांगतो, भाताचे रोप ज्या तुकड्यात करावयाचे त्यास आमच्याकडे दाढ म्हणतात. त्यावर शेण, तोडलेला कवळ व पातेरा पसरून उन्हाळ्यात ती भाजतात. तणाचे बी जळते आणि राखेचे खत मिळते. पाऊस लागला की रोपांच्या मुठी बांधून चिखलात लावणी. नांगर गडी धरीत. परंतु कोणत्या कुणग्यात किती मुठी, पाणी कोठे अडवावे, कोठे सोडावे, हे ती बांधावर उभी राहून सांगे. अंगावर लाल आलवण, डोईवर इरले, असे तिचे रूप मी लहानपणी पाहिले आहे. सोवळ्या बाईने शेतावर जावे हे कित्येक भाऊबंदांस रुचत नसे. मात्र त्यांपैकी कोणी तिच्याऐवजी पावसात उभा राहावयास आला, असे ऐकिवात नाही.

१९४६ साली वडील नोकरीकरिता मुंबईस गेले. त्या दिवशीची नोंद अशी: 'बाळ मुंबईस गेला. दुपारी आगराचा पाट फुटला, बांधला.' मी जन्मभर मुलांना निबंध शिकविला. इतक्या थोड्या शब्दांत इतके कोणी लिहिल्याचे मला आठवत नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी कूळकायद्यान्वये कुळांकडील जमिनी कुळांच्या मालकीच्या झाल्या. योगायोगाने तो गुढीपाडवा होता. आजीच्या पंचांगात त्या तिथीस 'गुढी उभारली' एवढेच आहे. मार्गशीर्षात मात्र लिहिले आहे: 'मक्त्याचे भात नाही. कणगी एकच सारवली.' त्यापूर्वी तीन सारवल्या जात. कसेल त्याची जमीन हे तत्त्व मला न्याय्य वाटते, आणि तिच्या तोंडूनही कुळांविरुद्ध वावगा शब्द मी कधी ऐकला नाही. तथापि त्याच तत्त्वाने घरचे शेत कोणाच्या नावे व्हावयास हवे होते, हा प्रश्न त्या वेळी आमच्या घरात कोणीही काढला नाही. वडील मुंबईस, नाव त्यांचे, आणि सारा भरावयास जाई ती.

राहिले माहेरचे नाव. तिच्या वडिलांच्या घराण्याचा कुलवृत्तांत पाहिला. मुलगे नावानिशी आहेत, मुलींची केवळ संख्या आहे. शेवटी ते सापडले आमच्याच न्हाणीघरात. लग्नात आलेल्या तांब्याच्या घंगाळाच्या काठावर टिंबांनी कोरलेली तीन अक्षरे होती. चिंच लावून घासली तेव्हा दिसली. ते नाव घरातील लेकीसुनांस मी सांगितले आहे. येथे लिहीत नाही. वाचकांनी त्या जागी आपापल्या आजीचे माहेरचे नाव घालून पाहावे, आणि ते आठवत नसेल तर घरातील वडीलधाऱ्या बाईस आजच विचारावे. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे बंधनकारक झाले आहे. माझ्या धाकट्या नातीच्या दाखल्यावर ते आहे. तिला त्यात काही विशेष वाटत नाही, हे मला विशेष वाटते.

ट्रंकेतील शेवटचे पंचांग शके १९०४ चे, म्हणजे १९८२ सालचे आहे. ज्येष्ठ वद्यात अक्षर थरथरलेले दिसते: 'मृग लागला. पाऊस नाही. दाढीत पेर झाली.' त्याच आषाढात ती गेली. त्या वर्षीची लावणी गड्यांनी तिच्या दिवसांतच उरकली. समासात तिची नोंद नाही.