विरजणातल्या जिवाणूला अनावृत पत्र

प्रिय लॅक्टोबॅसिलस,

तुझं नाव कळण्याच्या कितीतरी आधी तुझी चव मला माहीत होती. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी रोवणीच्या दिवसांत आजी कण्यांचं पीठ रात्री ताकात भिजवायची आणि सकाळी त्याची आंबील शिजवायची. शिजताना तू मरायचास, वाढताना वरून ओतलेल्या ताकातून परत यायचास. ती पिऊन माणसं बांधीत उतरायची.

आता तू औषधाच्या दुकानात पुडीतून मिळतोस. जुलाब, गॅस, बद्धकोष्ठ, अंगावर उठणारं पित्त, सगळ्यांवर तीच पुडी. तुझ्यावर माझा जीव आहे, म्हणून उघडपणे सांगतो: जे सिद्ध झालं तेवढंच तुझ्या नावावर विकलं जावं.

ते थोडं नाही. ओडिशातल्या खेड्यांत 4,556 नवजात बाळांवर चाचणी झाली. निम्म्यांना प्लांटारम जातीचा एक ठरावीक वाण आणि त्याला पोसणारी शर्करा दिली, फक्त 7 दिवस. 2017 साली 'नेचर'मध्ये निकाल आला. रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू, ज्यांना तू मिळाला नाहीस त्यांच्यात 9 टक्के, मिळालास त्यांच्यात 5.4 टक्के. मात्र 2018 साली अमेरिकेत आणि कॅनडात जुलाब-उलट्या होऊन दवाखान्यात आलेल्या मुलांना तुझे दुसरे वाण दिले, तर काडीचा फरक पडला नाही.

वाण बदलला की गुण बदलतो, हे समजायला आमच्याकडे प्रयोगशाळा लागत नाही. चिन्नोर आणि एचएमटी दोन्ही धानच, पण चिन्नोर मागणाऱ्याच्या पोत्यात कुणी एचएमटी भरत नाही. पुडीवर मात्र वाणाचं नाव बऱ्याचदा शोधूनही सापडत नाही, आणि ते विचारायचं असतं हेही कुणी सांगत नाही.

अ‍ॅलर्जीचं तर जास्तच जपून. मेलबर्नला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या 62 मुलांपैकी निम्म्यांना शेंगदाण्याचं पीठ वाढत्या मात्रेनं आणि सोबत तुझा ऱ्हॅम्नोसस जातीचा वाण दिला. 2015 साली निकाल आला: त्यांतल्या 82 टक्के मुलांना शेंगदाणा सोसू लागला. श्रेय तुला मिळालं. मग 201 मुलांवर मोठी चाचणी झाली. 2022 च्या निकालात शेंगदाणा तुझ्यासोबत दिला तर 46 टक्के मुलांना तो सोसू लागला, एकटा दिला तर 51 टक्के मुलांना. गुण शेंगदाण्याचा होता.

पुण्याच्या शास्त्रज्ञांनी भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला नावाचे जिवाणू भरपूर असल्याचं दाखवलं आहे. भात-डाळीवर वाढलेलं आतडं वेगळं. म्हणून तुझी परीक्षा इथल्या मुलांत, इथल्या आंबिलीतल्या वाणांसकट व्हावी, ही माझी संशोधकांना विनंती आहे.

आणि हे पत्र वाचणाऱ्या आईबापांनो, लेकराला जुलाब लागले तर आधी ओआरएस आणि 14 दिवस झिंक. अ‍ॅलर्जी असलेल्या पोराला दाणा चाखवून घरी प्रयोग करू नका.