घड्याळाची चहाडी

शिडाच्या होडीला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन ठेवून, कधी या अंगाने कधी त्या, नागमोडी चढावं लागतं. प्रत्येक वळण म्हणजे एक टॅक, आणि दोन वळणांमधली धावही टॅकच. मुंबई बंदरात लेझर होडी हाकायला लागून मला दोन हंगाम झाले होते, आणि या चढणीतच मी दर रविवारी मागे पडत होतो.

शेवटी मनगटावर जीपीएसचं घड्याळ बांधलं. रात्री आकडे पाहिले: कोन 40 अंश, वेग 3.9 नॉट. नाक वाऱ्याकडे जास्त वळलेलं, म्हणून मी खूश! कोसाइनने गुणल्यावर वाऱ्याच्या दिशेने खरी चाल निघाली जेमतेम 3 नॉट. शिडाची दोरी जरा सैल सोडून 45 अंशांवर गेलो, तर वेग 4.5 आणि खरी चाल 3.2. दहावीची त्रिकोणमिती चाळिशीत उपयोगी पडली.

टॅकचा हिशेब जास्त लाजिरवाणा होता. दर टॅकला दहाएक मीटर जात होते, आणि होडीची लांबी 4.23 मीटर! मी घाईत सुकाणूचा दांडा जोरात ढकलायचो, सुकाणू पाण्यात आडवं व्हायचं, की लागला ब्रेक. अंगाच्या भाराने होडी आधी कलू द्यायची, सुकाणू तिच्या कलाने हलवायचं, शिडाच्या तळाची आडवी काठी, म्हणजे बूम, डोक्यावरून गेली की पलीकडच्या काठावर बसून तिला सपाट करायचं. सांगायला सोपं आहे. माझे गुडघे सोलले.

पण एक कोडं उरलं. वारा वायव्येचा असला की आमचा एक टॅक उत्तरेकडे जातो. त्यात घड्याळ मला सुस्त ठरवत होतं. होडी सपाट ठेवायला काठाबाहेर रेलावं लागतं, भार मांड्यांवर; म्हणून आठवडाभर घरी मांड्यांचा व्यायाम केला. पुढच्या रविवारी त्याच टॅकमध्ये होडी पळाली. कष्टाचं फळ! तिसऱ्या रविवारी पुन्हा सुस्त.

धक्क्यावरच्या म्हाताऱ्या तांडेलाला हे सांगितलं. तो म्हणाला, "सायेब, पयल्या रविवारी पुनव होती, मग अष्टमी, आज अवस."

घड्याळ मोजत होतं जमिनीवरचा वेग. खालचं पाणी कुठे चाललंय, हे त्याला काय ठाऊक? तांडेलाने बोटांवर हिशेब मांडला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पुनवेला, तशीच अवसेला, सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आम्ही निघतो तेव्हा ओहोटी, पाणी दक्षिणेला बाहेर. अष्टमीला सहा, म्हणजे दुपारभर पाणी आत, उत्तरेला.

"आणि मांड्या?" मी विचारलं.

"त्या ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.