मनाचें दुखणें

हात मोडलेला विद्यार्थी शाळेंत आला म्हणजे सारा वर्ग त्याच्याभोंवतीं जमतो, आणि आपण कसे पडलों हें तोही मोठ्या ऐटीनें सांगतो. मनाच्या दुखण्यास हें भाग्य लाभत नाहीं. तें लपविलें जातें. आम्हींही तें लपविलें होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमची झोंप उडाली. पहांटे तीनला जाग येई. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर असे, परंतु एक ओळ वाचवत नसे. प्रार्थनेस शब्द सुचत नसत. घरीं कोणीं विचारलें कीं, "डोकें दुखतें," असें सांगून आम्ही मोकळे होत असूं. ख्रिस्ती शिक्षक उदास, म्हणजे त्याचा विश्वास उणा, अशी आमची समजूत होती.

अखेर एका वडील सहकाऱ्यांनीं आम्हांस बाजूला बसविलें आणि कांहीं न विचारतां स्वतःची हकीकत सांगितली. तरुणपणीं त्यांनाही हेंच दुखणें झालें होतें. डॉक्टरांच्या औषधानें व मित्रांच्या सोबतीनें तें ओसरलें. पंधरा वर्षें आम्ही एकाच खोलींत चहा घेत होतों, पण आम्हांस याची गंधवार्ता नव्हती! ते म्हणाले, "एलीयानेंही झुडुपाखालीं बसून मरण मागितलें. देवदूतानें त्यास बोल लावला नाहीं. भाकर दिली, पाणी दिलें आणि निजूं दिलें." त्याच आठवड्यांत आम्ही डॉक्टरांकडे गेलों.

अमेरिकेंतील क्लिफर्ड बीअर्स हे गृहस्थ १९०० ते १९०३ या काळांत मनोरुग्णालयांत होते. बरे झाल्यावर १९०८ सालीं त्यांनीं आपली कहाणी, तेथें सोसलेल्या हालांसह, स्वतःच्या नांवानें प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षीं या कार्यासाठीं तेथें राष्ट्रीय समिति स्थापन झाली. एकानें तोंड उघडलें म्हणजे अनेकांस धीर येतो, तो असा.

गेल्या वर्षीं आम्हींही धीर करून दहावीच्या वर्गास आमची हकीकत सांगितली. वर्ग स्तब्ध झाला. दुसऱ्या दिवशीं घंटा झाल्यावर एक मुलगा दाराशीं घोटाळत राहिला. तो काय बोलला तें येथें लिहिणार नाहीं; ती कहाणी त्याची आहे. आज तो पुन्हा मैदानावर खेळतो, इतकें पुरे.

पालकहो, इयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्यानें बसले, तोंवर ते खरे मित्र होते. उपदेश करूं लागले आणि चुकले. मूल बोलूं लागलें तर आधीं ऐकावें, मग डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. १४४१६ ही सरकारी दूरध्वनिसेवा २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य चालू आहे.

आणि मुलांनो, आमची खोली तुम्हांस ठाऊक आहेच. तेथें दुसरी खुर्ची मुद्दाम ठेविली आहे.